मागच्या सीटवरून दिसणारा इतिहास : मुलांसाठी प्रवासाची ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी

माझ्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात चेंबूरचे मामा वाशीचा पूल ओलांडून पहाटे पनवेलच्या नाक्यावर येऊन उभे राहतात. साल १९७२, महिना नोव्हेंबर. पुलावरून दिसणारी खाडी, ओहोटीचा चिखल, त्यात उभे बगळे, असं सगळं मी दोन पानं रंगवून लिहिलं होतं. ठाण्यातल्या एका वाचनालयात ते प्रकरण वाचून दाखवलं. मागच्या बाकावर एक काका बसले होते, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. माझं वाचन संपायची वाटही न बघता ते म्हणाले, "ताई, मामांना पोहता येतं का? पूल पुढच्या वर्षी झालाय."

खोली हसली, मीही हसले, आणि घरी येऊन दोन प्रकरणं फाडली. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ साली सुरू झाला. त्याआधी मुंबईची गाडी पुण्याला किंवा कोकणात निघाली की ठाण्यात यायची, कळव्याच्या पुलावरून मुंब्रा, मग शीळफाटा, मग पनवेल. म्हणजे माझ्या मामांना पनवेलला परस्पर पोचताच येत नव्हतं. त्यांना आदल्या रात्री ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या दिलीपच्या, म्हणजे कादंबरीच्या छोट्या नायकाच्या, घरी मुक्कामाला यावंच लागलं. त्या मुक्कामातून जे प्रकरण तयार झालं (स्टोव्हचा आवाज, आईच्या दशम्या, गॅलरीतून खाली उभ्या फियाटकडे बघणारी सगळी चाळ) ते आता कादंबरीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. बगळ्यांची आठवणही कोणी काढत नाही.

हे आधी सांगितलं, कारण या प्रकारच्या लेखनाचं कुलूप इथेच उघडतं. कुटुंबाच्या गाडीप्रवासाची ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर रस्ता हाच तुमचा इतिहास असतो. त्या साली तो रस्ता कुठून जात होता, कुठे संपत होता, कुठे गाडी तापायची, हे नीट कळलं की निम्मं कथानक आपोआप हाताला लागतं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असं पुस्तक लिहायचं मनात असेल तर मी ज्या क्रमाने गेले, किंवा खरं तर ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो क्रम पुढे देते.

आधी साल ठरवा

"जुना काळ" असं साल नसतं. साल चार आकडी हवं आणि त्याला महिना जोडलेला हवा. ठाण्याच्या माणसाला निवडीची ददात नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, २१ मैलांचा प्रवास. ती बघायला कल्याणहून बैलगाडी जोडून निघालेलं कुटुंब, ही एक कादंबरी होऊ शकते. कल्याणपर्यंत रूळ पोचायला १८५४ उजाडलं, त्यामुळे बैलगाडीला पक्कं कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटणकडच्या नातलगांना शोधायला निघालेली गाडी ही दुसरी. डिसेंबर १९७१ च्या युद्धात गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचे, तेवढ्यावर एक रात्रीचा प्रवास उभा राहतो.

मी १९७२ चा दुष्काळ घेतला, त्याची तीन कारणं. तो आठवणारी माणसं अजून बोलायला आहेत. त्या साली रस्त्याने जाणाऱ्याला तो काचेतून दिसत होता, त्यासाठी वर्तमानपत्र वाचायची गरज नव्हती. आणि तिसरं कारण मला नकाशा पसरल्यावर सापडलं. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दुसऱ्या टोकाला माण तालुका, तिथे पाचशेही मुश्किलीने. सह्याद्री ढग अडवतो आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख कोरडा राहतो, हे भूगोलाच्या पुस्तकात एका वाक्यात असतं. गाडीत बसलेल्या मुलाला ते दिवसभर दिसत राहतं. खोपोलीला हिरवं, साताऱ्याला पिवळं, पुसेगावच्या पुढे राखाडी. असा रस्ता मिळाला की सोडू नका.

पूल १९७३ चा आहे म्हटल्यावर प्रवासच एक वर्ष पुढे ढकलावा असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मग मामा ठाण्यात आलेच नसते.

गाडीनेच का?

मुलं हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. १९७२ साली वागळे इस्टेटमध्ये कामाला असलेल्या माणसाकडे मोटार नसायची. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. गावाला जायचं तर एसटी होती, रेल्वे होती. मग नौपाड्याच्या चाळीतलं कुटुंब फियाटमध्ये का?

याचं उत्तर जितकं घट्ट, तितकी कादंबरी घट्ट. माझ्याकडे असं आहे: आजी गावी मांडीचं हाड मोडून पडली आहे, तिला एसटीत बसवता येत नाही. मामा ज्या शेठकडे ड्रायव्हर आहेत त्यांनी दिवाळीत चार दिवस गाडी दिली आहे, सोमवारी सकाळी ती परत दारात उभी हवी. उसनी गाडी, ठरलेली मुदत, मोडलेलं हाड. एवढ्यात प्रत्येक पंक्चरला आपोआप वजन येतं.

मग सीटा मोजा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, कागद घेऊन खरंच मोजा. त्या वेळच्या फियाटला गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असायचा, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर मामा, बाबा आणि मध्ये छोटी मंगल अशी तिघं बसतात. मागे आई, आत्या आणि दिलीप. जाताना सहा. येताना आजी, तीही पाय लांब करून. म्हणजे मागच्या सीटवर जागा एकाचीच. उरलेल्यांनी कसं यायचं? आजोबा येणार का? माझं शेवटून तिसरं प्रकरण पूर्ण या गणितावर चालतं आणि ते मी कल्पनेने रचलेलं नाही, बेरजेने निघालं.

रस्ता गजाने मोजा

भिंतीवर लांब कागदाची पट्टी लावा. एका टोकाला ठाणे, दुसऱ्या टोकाला मुक्काम. माझी पट्टी अशी होती: कोर्ट नाका, कळवा, मुंब्रा, शीळफाटा, पनवेल, खोपोली, घाट, खंडाळा, लोणावळा, पुणे, कात्रजचा बोगदा, शिरवळ, खंबाटकी घाट, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्यामुळे तो डोक्यातून काढून टाका. आजच्या मोबाइलच्या नकाशाला या कामात हात लावायचा नाही. तो तुम्हाला प्रेमाने चुकीच्या रस्त्याला नेतो.

जुने नकाशे कुठे मिळतात? टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने भारताचे १९५० च्या दशकातले १ : २,५०,००० प्रमाणाचे नकाशे स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलेत, अमेरिकी लष्कराने काढलेले, फुकट उतरवता येतात. त्यात पक्का रस्ता, कच्चा रस्ता, रेल्वे वेगवेगळ्या रेषांनी दिसतात. गावांची नावं इंग्रजीत आणि कधी कधी विनोदी स्पेलिंगची, पण रस्ता खरा असतो. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, हा दुसरा आधार. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर जुन्या शतकातल्या कथेसाठी सोन्याची खाण आहे: बंदरं, पार नेणाऱ्या होड्या, बाजारचे दिवस, सगळं. साताऱ्याचं सुधारित गॅझेटियर १९६३ चं, ते माझ्या कामाला आलं. त्यातलं दळणवळणाचं प्रकरण आधी वाचा, राजकीय इतिहास मागाहून.

पट्टीवर गावं लिहून झाली की वेळ टाका. ठाणे ते म्हसवड या जुन्या रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. घाट, जकात नाके, तापलेलं इंजिन आणि मंगलच्या उलट्या धरून तासाला पस्तीसचा हिशेब पकडा. चाके दहा तास फिरणार, थांबे वेगळे. पहाटे साडेचारला निघालं तर साडेपाचला पनवेल, साडेसहाच्या पुढे खोपोली. नोव्हेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी उजाडणार! माझ्या खर्ड्यात तोपर्यंत दिलीप पनवेलला कोवळ्या उन्हात उभा होता. दिवस मावळायच्या आत माणात पोचायचं तर पुण्यात किती वेळ थांबता येईल तेही यातूनच कळलं. फार नाही. शनिवारवाडा बघायचा दिलीपचा हट्ट त्यामुळे पुरवता आला नाही, आणि तो रुसला ते बरंच झालं.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं

हा भाग सगळ्यात रसाळ आणि सगळ्यात जास्त चुकणारा. मी सुरुवातीला वही उघडून विचारायची, "तेव्हाचा काळ कसा होता?" उत्तर ठरलेलं, "फार चांगला होता हो, माणुसकी होती." वही मिटा, घरी जा.

मग प्रश्न बदलले. गाडीत तुम्ही कुठे बसायचात? खिडकी कोणाला मिळायची आणि ती कशी ठरायची? उलटी आली तर काय करायचे? प्यायचं पाणी कशात? लघवीला कुठे थांबायचे, आणि बायका काय करायच्या? बघा मग माणसं कशी बोलू लागतात. एका काकूंना तो पूर्ण प्रवास आठवत नव्हता. आठवत होती ती फक्त रेक्झिनची सीट. फ्रॉकच्या खाली उघड्या मांड्यांना ती दुपारी चिकटायची, उठताना चर्र आवाज व्हायचा आणि भाऊ हसायचा. दुसऱ्या एकांनी फिरकीचा तांब्या माळ्यावरून काढून दाखवला. पितळी, झाकणाला आटे पाडलेले, वरचं झाकण काढलं की तेच पेला. मी तो हातात घेतला. रिकामा असूनही जड. भरलेला तांब्या आठ वर्षांच्या मुलीने चालत्या गाडीत दोन्ही गुडघ्यांत कसा धरला असेल, ते मला तेव्हा कळलं आणि त्याच रात्री लिहून काढलं. लिंबू हुंगायचं, आवळासुपारी चघळायची, पुढच्या काचेबाहेर लांब बघायचं हा मळमळीवरचा इलाज मला चौघांनी सांगितला. गाडीतली तिकोनी काच तिरकी केली की वारा थेट तोंडावर यायचा, हे दोघांनी.

आठवणी मात्र साल बदलतात. एका आजोबांनी मला १९७२ च्या प्रवासात लिम्काबरोबर थम्सअपही पाजलं. थम्सअप १९७७ नंतरचं. त्यांना खोटं पाडू नका, चहा प्या, घरी येऊन तपासा. मुलांच्या हातात गोल्डस्पॉट द्या, ते तेव्हा होतं.

तपासायची माझी एक छोटी वही आहे, "तेव्हा नव्हतं" अशी. भिंतीवर कालनिर्णय नको, ते १९७३ पासूनचं. पुड्यावर पार्ले-जी नको, तेव्हा पार्ले ग्लुको. गाडीला पद्मिनी म्हणायचं नाही, फियाट. ठाण्यात गडकरी रंगायतन १९७८ चं, महापालिका १९८२ ची, तोपर्यंत नगरपालिका. आणि उलट बाजूने, दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, म्हणजे दिवाळीत चाळीतली मुलं टीव्हीबद्दल नुसतं ऐकून भांडत असणार. सुट्टे पैसे हाही गमतीचा ऐवज. तीन पैशाचं षट्कोनी, फुंकरीने उडेल असं अॅल्युमिनियमचं नाणं आणि कमळ असलेलं पिवळं वीस पैशाचं. दहा मिनिटं नाणी विकणाऱ्याकडे घालवा, पुस्तकांत तासभर शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे. जुने दिवाळी अंक जिथे मिळतील तिथे बसा आणि लेख सोडून आधी जाहिराती वाचा. त्या काळच्या घरात काय होतं आणि काय हवंसं वाटत होतं, ते जाहिरातीइतकं उघड कोणी लिहीत नाही.

बाबांना भाषण करू देऊ नका

आता लिहायला बसा. पहिला धोका पहिल्याच घाटात भेटतो. माझा पहिला खर्डा:

"बाबा म्हणाले, 'मुलांनो, हा बोरघाटाचा रस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्यामुळे कोकण आणि देश जोडले गेले.' 'अरे वा!' दिलीप म्हणाला."

माहिती बरोबर आहे. पण कुठलाही दहा वर्षांचा मुलगा आजवर "अरे वा" म्हणालेला नाही. नंतर लिहिलं ते असं:

"गाडी थांबली. बॉनेट उघडल्यावर वाफेचा असा लोट आला की मंगल म्हणाली, इंजिन भात शिजवतंय. आम्ही कडेच्या दगडावर बसलो. वरच्या वळणावर एक लहानसं देऊळ होतं. एक ट्रक तिथे हळू झाला, क्लीनरने नाणं फेकलं आणि ट्रक पुन्हा कण्हत चढू लागला. 'कोणाचं देऊळ, मामा?' 'शिंगरोबाचं.' 'तो कोण?' 'साहेबाला घाटातून वाट सापडेना. यानं दाखवली म्हणतात. धनगर होता.' 'मग साहेबानं त्याला काय दिलं?' मामांनी उत्तर दिलं नाही. खिशातून पाच पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. मी नेम धरून फेकले, ते पायरीवर टणकन आपटून खाली झुडपात गेले."

साल गेलं, माल्कम गेले. घाट कोणीतरी बांधला, कोणीतरी वाट दाखवली आणि त्याचं काय झालं ते मोठी माणसं सांगत नाहीत, एवढं राहिलं. शिंगरोबाची कथा दंतकथा आहे, म्हणून मामा "म्हणतात" म्हणतात. कागदपत्रांतलं काय आणि लोकांच्या तोंडचं काय, हे पुस्तकाच्या शेवटी दोन पानांत मुलांना सांगून टाकावं. त्या दोन पानांत माल्कमनाही जागा आहे. घाटातला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, हेही तिथेच, म्हणजे मुलं तो शोधत बसणार नाहीत.

नियम म्हणाल तर एवढाच: मागच्या सीटवरच्या मुलाला जे दिसतं, ऐकू येतं, हाताला लागतं किंवा पोटात ढवळतं, तेवढंच पानावर येईल. आणि त्याला पुढचं माहीत नसतं. दुष्काळ संपेल की नाही, मे १९७३ पर्यंत राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं जातील, यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली येईल, हे लेखकाला माहीत असतं. दिलीपला नसतं. तुमच्या वाक्यातून ते झिरपलं की मुलं लगेच ओळखतात की कोणीतरी मागे उभं राहून बोलतंय.

दुष्काळाजवळ गेल्यावर

मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलं आणि खोडलं ते म्हसवडच्या अलीकडचं खडीचं काम. रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडताहेत, फियाट उभी राहते, दिलीपच्या वयाची एक मुलगी हातोडी घेऊन बसली आहे. पहिल्या तीन वेळा दिलीपला तिची दया आली आणि त्याने तिला बिस्किटं दिली. वाचून स्वतःचाच राग आला. शहरातला मुलगा, गावातली भुकेली मुलगी, बिस्किटाचा पुडा. हे चित्र आपण इतकं पाहिलंय की त्यात ती मुलगी दिसतच नाही.

चौथ्या वेळी मी दिलीपला हातोडी दिली. त्याला वाटतं सोपं आहे. दगड निसटतो, बोटावर बसतो, ती हसते. मग ती त्याला दाखवते: रबराच्या ट्यूबचं कडं करून त्यात दगड धरायचा, मग तो उडत नाही. हे मला माणातल्याच एका बाईंनी सांगितलं होतं, त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्यांनी आणखी एक सांगितलं. एरवी शेतावरही न जाणाऱ्या घरच्या बायका त्या वर्षी पदर नाकापर्यंत ओढून खडीवर यायच्या, ओळख लागू नये म्हणून. दिलीपची आई गाडीतून त्या घोळक्याकडे बघते, एका पदराखालचे हात ओळखते, आणि काचेचं हँडल फिरवून काच वर करते. का, ते दिलीपला कळत नाही. वाचणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना कळतं, निम्मी आईला विचारतात. दोन्ही चालेल.

जेवणाचंही तसंच. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, लालसर ज्वारीसारखा. त्याची भाकरी लोकांना आवडायची नाही आणि तीही पुरायची नाही. आत्ते-चुलत भावंडांच्या पंगतीत दिलीप ती भाकरी अर्धी टाकतो. आजोबा काही बोलत नाहीत, ताटातली अर्धी उचलतात, फडक्यात बांधतात. एवढंच. त्यावर एकही वाक्य जास्त लिहू नका. मी लिहिलं होतं, संपादकाआधी माझ्या पुतणीने ते खोडलं.

पाण्याबद्दल मात्र गप्प राहू नका. गावात विहीर कोणाची, टँकर कोणत्या आळीत आधी थांबला, महारवाड्यातल्या बायका घागरी घेऊन किती लांब उभ्या राहिल्या, हे १९७२ चं सत्य आहे. मुलांचं पुस्तक म्हणून गावाला एकदिलाचं करून टाकणं हा इतिहासातला वाशीचा पूलच. दिलीप ते बघतो, गावच्या चुलतभावाला विचारतो, आणि चुलतभाऊ म्हणतो, "असंच असतं." त्याचं तसं म्हणणं मला पुरेसं अस्वस्थ करणारं वाटलं.

बोलणं

१९७२ च्या नौपाड्यात मुलं आईला "तू" म्हणायची आणि बाबांना बहुतेक घरांत "तुम्ही". आई बाबांचं नाव घेत नाही, "अहो" म्हणते, किंवा मुलाच्या आडून बोलते: "दिलीप, विचार त्यांना चहा घेणार का." मामांशी मात्र बाबा "तुम्ही"ने आणि जरा अवघडून बोलतात, कारण गाडी त्यांनी आणलीय. हे एकेका सर्वनामाने दाखवता येतं, त्याला वर्णन लागत नाही. गावी गेल्यावर "का रं, कवा आलास?" इतपत बोली पुरे. प्रत्येक शब्द बोलीत लिहिला तर ठाण्यातलं मूल अडखळतं आणि माणातलं मूल चुका काढतं.

आणि त्यांना एकमेकांशी भांडू द्या. गाण्याच्या भेंड्या कोणीतरी चिडल्याशिवाय संपल्याचं मला आठवत नाही.

किती लिहायचं

मी बावीस हजार शब्दांवर थांबले, अठरा प्रकरणं. एक प्रकरण म्हणजे झोपायच्या आधी मोठ्याने वाचायला दहा मिनिटं. प्रकरणाचा शेवट थांब्यावर होऊ नये, थांब्याच्या जरा आधी व्हावा: गाडीचा आवाज बदलतो, मामा भुवया उंचावतात, पान संपतं. पट्टीवर घातलेली गावं सगळी पुस्तकात येणार नाहीत. कोरेगाव माझ्याकडे अर्ध्या वाक्यात उरकलं, घाटाला तीन प्रकरणं गेली. पुस्तकात सुरुवातीला नकाशा हवाच, हाताने काढलेला, चुकूनही छापील दिसणारा नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, स्वतः छापणार असाल तर त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

वाचून दाखवा, दोन्हीकडच्यांना

छापायला देण्याआधी पूर्ण खर्डा मोठ्याने वाचायचा, आणि श्रोत्यांत दहा वर्षांची मुलं आणि सत्तरीची माणसं एकत्र हवीत. मुलं चुळबुळ करतात तिथे पेन्सिलीने रेघ मारा. त्यांचे प्रश्न लिहून घ्या. मला एका मुलीने विचारलं, "रस्ता चुकले तर लोकेशन कोणाला मागायचे?" त्या प्रश्नातून शीळफाट्याचा पानवाला जन्माला आला, जो प्रत्येकाला चुकीची दिशा इतक्या खात्रीने सांगतो की बाबाही मामांवर संशय घेतात.

दुसऱ्या वाचनाला ते चालक काका पुन्हा आले. या वेळी पुढच्या बाकावर बसले. मामा आदल्या रात्री ठाण्यात आले तेव्हा त्यांनी मान डोलावली. कळव्याचा पूल, मुंब्रा, शीळफाटा, कुठेच काही बोलले नाहीत. खोपोलीच्या वर गाडी तापते, मामा हाक मारतात आणि दिलीप धावत जाऊन रेडिएटरचं झाकण फिरवतो, तिथे त्यांनी हात वर केला.

"थांबा, थांबा. तापल्या इंजिनाचं झाकण पोराला हातानं उघडायला लावलंत? तोंड भाजेल त्याचं. आधी पंधरा मिनिटं बॉनेट उघडं ठेवायचं, मग ओला पंचा टाकायचा, मग थोडं फिरवून फुस्स होऊ द्यायचं, मग पूर्ण."

आता ते प्रकरण पंधरा मिनिटांनी लांबलंय. शिंगरोबाचं देऊळ दिलीपला त्या पंधरा मिनिटांतच दिसतं.